सरडा मधोमध, माणूस कडेला

माझ्या मावशीने आयुष्यभर लोकांना दटावलं आणि लोकांनी तिला त्याचे पैसे दिले. तिचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टसाठी एकेकट्याचे फोटो ती काढायची, पण जांभया देत. तिचा जीव रमायचा तो ग्रुप फोटोत. शाळेचे वर्ग, दवाखान्यातल्या नर्सेस, निवृत्त होणारा हेडक्लार्क आणि त्याच्या जाण्याने मनातून खूश झालेलं त्याचं ऑफिस, लग्नातली दोन्हीकडची मंडळी. समोर माणसांचा बाजार भरला की मावशी स्टुलावर चढायची आणि तिचा आवाज सुटायचा. "उंच मागे! पोटं आत! अहो चष्मेवाले, मान दुखतेय का? नाही ना? मग सरळ करा ती!" एकदा एका न्यायाधीशांना तिने "ओ मिशी, जरा डावीकडे" असं फर्मावलं आणि ते मुकाट्याने सरकले. तो फोटो त्यांच्या कचेरीत अजून टांगलेला आहे आणि त्यात मिशी बरोबर मध्यावर आहे.

तिचा एक सिद्धान्त होता. फोटोत माणूस कुठे उभा आहे ते पाहिलं की त्याची नाती कळतात. ज्याचा समारंभ तो मधोमध. त्याला चिकटून सख्खे, मग चुलत-मामे, मग सोयरेधायरे, मग शेजारपाजार, आणि अगदी कडेला जे उशिरा आले किंवा रुसले ते. अनोळखी घराचा फोटो हातात दिला तरी ती घडाघडा वाचायची. "ही हिची जाऊ. दोघींचं पटत नाही, मध्ये मूल उभं केलंय बघ." वैताग असा की बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. हात लांब करून स्वतःचंच नाक मोठं करून घेण्यात लोकांना आनंद वाटू लागला, आणि स्टुडिओची पायरी कुणी चढेना. मावशीने रडारड केली नाही. ज्यांचे फोटो काढले होते त्यांना बोलावलं, चहा पाजला, शेवटचा एक ग्रुप फोटो काढला आणि शटर ओढलं. आम्ही म्हटलं, चला, बाईने किती सहज घेतलं. कसलं सहज? काही दिवसांतच घरातले डबे उंचीप्रमाणे लागले. मग चपला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या पेशंटांना तिने उठवून पुन्हा बसवलं, ठेंगणे पुढे. एकाचा गाल सुजला होता, त्याला म्हणाली, तुम्ही दुसऱ्या बाजूने बसा.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. तेही नुकतेच निवृत्त झाले होते. अत्यंत अबोल माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत काम करणाऱ्याला बोलायला मिळतं कुठे? ते एक दिवस माझ्या शाळेत आले. मी जीवशास्त्र शिकवते. स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "तिला माणसं लागतात गं. मी एकटा पुरत नाही. सकाळपासून मला किती वेळा सरळ उभं केलंय, विचारू नकोस."

मी काही करण्याआधीच मावशीने स्वतःचं स्वतः शोधलं. गावातल्या निसर्गसंग्रहालयाने नवं दालन उघडलं होतं आणि तिथे मार्गदर्शक हवे होते. वयाची अट नाही, पदवीची अट नाही. दालनात एक मोठी भिंत आहे, तिच्यावर सगळ्या सजीवांचा उत्क्रांतीचा वृक्ष आहे. उमेदवाराने खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांची एक तुकडी त्या भिंतीपुढे न्यायची, वृक्ष समजावून सांगायचा आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. हीच परीक्षा. मावशी जाहिरात फडकावत माझ्याकडे आली.

"रोज नवी माणसं! आणि ती आधीच उभी असतात! मला फक्त नीट लावायची!"

"आणि वृक्ष समजावून सांगायचा," मी म्हटलं.

"झाडच ना? मी न्यायाधीश हलवलाय."

मग ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. मावशीचा आवाज खाली येणं ही आमच्या घरातली भीतीदायक गोष्ट आहे. "हे मला मिळालंच पाहिजे," ती म्हणाली. "मला घरात बसायची सवय नाही. मी बसले ना, तर वाळून जाईन. आणि मी वाळले तर तुझे काका काही बोलणार नाहीत, नुसतं बघत राहतील. ते मला बघवणार नाही." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, एका संध्याकाळचं काम आहे, शिकवते. अतिआत्मविश्वास हा आमच्या घराण्यात आईकडून येतो.

पहिल्या संध्याकाळी मी तिच्यापुढे एक साधा छापील वृक्ष ठेवला. खाली एक बुंधा, त्याच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या, आणि वर शेंड्यांवर एका ओळीत नऊ जण. डावीकडून शार्क, साधा मासा, मग हवेत श्वास घेणारा फुप्फुसमासा, बेडूक, सरडा, मगर, चिमणी, उंदीर आणि शेवटी माणूस. मी म्हटलं, "वाच."

मावशीने चष्मा लावला. खालच्या फांद्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नजर सरळ वरच्या ओळीवर. "सरडा मधोमध आहे," ती म्हणाली. "म्हणजे समारंभ त्याचाच. एका बाजूला बेडूक, दुसऱ्या बाजूला मगर, ही घरची माणसं. चिमणी आणि उंदीर खांद्याला खांदा लावून उभे आहेत, त्यांचं चांगलं मेतकूट दिसतंय. माणूस कडेला." तिने भुवया चढवल्या. "उशिरा आला की रुसला?"

मी इतकी वर्षं मुलांना हा धडा शिकवतेय. मुलं चुकतात, पण सगळी एकाच पद्धतीने चुकतात. शेवटचा तो सगळ्यांत हुशार, माणूस पहिला नंबर, बाकीचे नापास. माणसाला रुसून कडेला उभं करणारी आणि सरड्याचा सत्कार करणारी विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच भेटली. मी हसले, आणि ती चिडली.

मी सांगितलं, शेजारी कोण उभं आहे ते बघायचंच नाही. एका शेंड्यावर बोट ठेव, दुसऱ्यावर दुसरं बोट, दोन्ही बोटं फांद्यांवरून खाली आण. जिथे भेटतील तो सांधा. तो सांधा म्हणजे दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज. सांधा जितका वर, तितकं नातं जवळचं. ती मान डोलवत राहिली. मग मी विचारलं, "बेडूक कुणाला जास्त जवळचा? सरड्याला की माणसाला?"

"सरड्याला. हा काय, चिकटून उभा आहे."

मी तोच वृक्ष पुन्हा काढला. फक्त बेडकानंतरचा सगळा झुपका त्याच्या सांध्यापाशी आरशातल्यासारखा उलटा फिरवला, त्यामुळे बेडकाशेजारी माणूस आला, मग उंदीर, चिमणी, मगर, आणि सरडा गेला टोकाला. "हा तोच वृक्ष आहे," मी म्हटलं. "नाती जशीच्या तशी."

"तोच?" मावशी उभीच राहिली. "समारंभ ज्याचा त्याला धक्के मारून कडेला काढलं आणि म्हणे तोच! मला मूर्ख समजतेस का गं? फोटो बदलला की नाती बदलली!"

असं बरेच दिवस चाललं. मी डोकं आपटून घ्यायची, ती टेबल आपटायची, काका दोघींच्या मध्ये चहा ठेवून पळ काढायचे. ही बाई एकदा निघाली की गाडी मागे घेत नाही. परीक्षा जवळ येत होती. मला खरंच काळजी वाटू लागली. ती भिंतीपुढे उभी राहून सरड्याला फुलांचा गुच्छ देणार, आणि संग्रहालयवाले तिला नम्रपणे दार दाखवणार, आणि नंतरचं ते वाळून जाणं. मला ते डोळ्यांपुढे दिसत होतं.

तिला उमगलं ते माझ्या शिकवण्याने नाही, माझ्या संतापाने. एका दुपारी मी चिडून तिच्या भिंतीवरचा एक फोटो काढला आणि तिच्यापुढे आदळला. घरातल्याच एका लग्नाचा होता. कॅमेरा स्टँडवर ठेवून, बटण दाबून, धावत जाऊन मावशी स्वतः त्यात उभी राहिली होती. ती या टोकाला, धापा टाकत. माझी आई पार दुसऱ्या टोकाला, आणि आईला चिकटून केक घेऊन आलेला बेकरीवाला.

"बेकरीवाला आईचा कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? बेकरीवाला! तिथे खड्डा दिसत होता, त्याची उंची जुळली, म्हणून उभा केला."

"आणि तू आईची कोण?"

"डोकं फिरलंय का तुझं? सख्खी बहीण!"

"फोटोत तर दिसत नाही. फोटोत तू तिच्यापासून सगळ्यांत लांब आहेस."

"फोटोत कसं दिसेल?" मावशी ओरडली. "त्यासाठी आमच्या आईबापांपर्यंत जावं लागेल! आणि ते या फोटोत कुठून असणार? ते या फोटोच्या कितीतरी आधी..."

ती थांबली. टेबलावर फोटोच्या बाजूलाच माझा छापील वृक्ष होता. तिने तो ओढून घेतला. एक बोट बेडकावर ठेवलं, एक सरड्यावर, आणि बोटं खाली घसरत आणली. ओठ हलत होते. मग सरड्यावरचं बोट उचलून माणसावर ठेवलं आणि पुन्हा खाली आणलं. बोटं त्याच सांध्यावर भेटली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच.

"अगं," ती म्हणाली, "हे सांधे म्हणजे फोटोच्या आधीची माणसं!"

"हो."

"म्हणजे बेडूक सरड्याचा जेवढा, तेवढाच माझा!"

"हो!"

"आणि मगर..." बोटं धावू लागली. मगर आणि सरडा, खाली, खाली. मगर आणि चिमणी, वरच्या वर टच्च. मावशीने चष्मा काढला, पुसला, लावला. "मगरीला सरड्यापेक्षा चिमणी जवळची?"

"आज जिवंत असलेल्यांत मगरीचं सगळ्यांत जवळचं घराणं पक्ष्यांचं."

ती खिडकीकडे गेली. खाली फुटपाथवर दोन चिमण्या पावाचा तुकडा ओढत होत्या. मावशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग इतक्या जोरात हसली की समोरच्या इमारतीतून कुणीतरी डोकावलं. "बघ कशा ओढतायत! आत्तेबहिणीच्या वळणावर गेल्यात!"

त्या दिवसापासून मावशी जमिनीवर चाललीच नाही. चार बोटं वरूनच. तिच्या हातात आयुष्यभराचा धंदा होता नाती वाचायचा, आणि आता एकदम सगळी सृष्टी ग्रुप फोटोला येऊन उभी राहिली होती. मासेवालीला तिने गाठून सांगितलं की फुप्फुसमासा तुझ्या टोपलीतल्या माशांपेक्षा तुला जवळचा आहे. मासेवाली म्हणाली, "माझ्या दिरापेक्षा कुणीही जवळचा चालेल." टपालवाल्याला कळलं की देवमाशाचं जवळचं नातं पाणघोड्याशी आहे. त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं, तिचा विश्वास बसेना, तर तो तिला घेऊन मावशीकडे आला. तरस दिसतं कुत्र्यासारखं, पण मांजराकडचं आहे, हे शिंप्याला सांगताना शिंप्याची कात्री चुकली. आणि एका रात्री जेवायला अळंबीचं सूप होतं, तर मावशी चमचा हातात धरून सुपाकडे बघत बसली.

"काय झालं?" काका म्हणाले.

"अहो, अळंबी झाडांपेक्षा आपल्याला जवळची आहे. ही आपल्याकडची मंडळी."

काकांनी ताटलीत पाहिलं. "मग गाजर खाऊ?"

"ते परकं आहे. ते खुशाल खा."

सूप शेवटी तिनेच संपवलं. म्हणाली, नातेवाईकांचं खाण्यात आपण कधी मागे राहिलो नाही.

मलाही ती धुंदी चढली, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं हा धडा मी खडूने लिहीत होते आणि डस्टरने पुसत होते. मावशी माझ्या मागे माझाच धडा घेऊन धावत सुटली, तेव्हा मला कळलं की मी काय शिकवत होते. रस्त्याने जाताना आम्ही दोघी कुत्रं दिसलं की बोटं खाली आणायचो, कावळा दिसला की बोटं खाली आणायचो, आणि वेड लागल्यासारख्या हसायचो.

काकांना मात्र झाड पटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात लिफ्ट होती. तळमजल्यावर जंतू, मग मासा, मग बेडूक, मग माकड, आणि गच्चीवर माणूस. अबोल माणूस एकदा बोलायला लागला की सरळ मुद्द्यावर येतो. "माकडं अजून खालच्याच मजल्यावर का?" त्यांनी विचारलं. "त्यांची लिफ्ट बंद पडली का?"

"अहो, तुमचे चुलतभाऊ म्हणजे तुमचे आजोबा का?" मावशी कडाडली. "माकडं आपली चुलत! आजोबा खाली सांध्यात. ते ना आजचं माकड, ना आजचा माणूस. त्यांच्यापासून ती तिकडे निघाली, आपण इकडे."

"मग आपण वर आणि ती खाली."

"कुठे खाली? शेंडे बघा! सगळे एका ओळीत. जितका वेळ तुम्हाला लागला इथे यायला, तितकाच त्यांना लागला, तितकाच त्या जंतूलाही. आज जे जिवंत आहेत ते सगळे एकाच मजल्यावर उभे आहेत!"

काकांनी जेवण उरकून हात धुतले. मग म्हणाले, "म्हणजे लिफ्ट नाहीच."

"नाहीच."

"बरं झालं," काका म्हणाले. "दुरुस्तीला कुणाला बोलावलं असतं?"

सगळं असं सुरळीत चाललं होतं आणि मी निश्चिंत झाले होते. तेवढ्यात हत्तीपाशी गाडी अडली. संग्रहालयाच्या भिंतीवरच्या सस्तन प्राण्यांचा वृक्ष मी तिला काढून दिला होता. त्यात एक सांधा असा आहे, जिथून दोन नाही, तीन फांद्या निघतात. एक हत्तीची, एक समुद्रगाईची, आणि एक हायरॅक्स नावाच्या प्राण्याची. हा हायरॅक्स खडकांत राहतो आणि दिसतो सशाएवढा, गुबगुबीत. मी तिला सांगितलं, या तिघांतले जास्त जवळचे दोघं कोण, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. एका पुराव्यावरून एक जोडी दिसते, दुसऱ्यावरून दुसरी. म्हणून तिन्ही फांद्या एकाच ठिकाणाहून काढल्या आहेत.

मावशीने ओठ आवळले. "असं चालत नाही."

"म्हणजे?"

"माझ्या फोटोत 'कुठे उभं राहायचं ते नंतर ठरवू' असं म्हणून आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. एक माणूस अधांतरी राहिला की सगळी रांग ढेपाळते. मी ठरवते." आणि तिने ठरवलंसुद्धा! हत्ती आणि समुद्रगाय सख्खे. का, तर दोघंही अवाढव्य आणि दोघांनाही अंगावर केस बेताचे. हायरॅक्सला तिने चुलत करून टाकलं.

मी विनवलं, भांडले, ओरडले. "मावशी, नेमका हाच प्रश्न आला तर? ठोकून दिलेलं तिथे ताबडतोब कळेल. एवढंच म्हणायचं, माहीत नाही."

"मार्गदर्शक आणि माहीत नाही?" ती म्हणाली. "लोक दुसरीकडे बघायला लागतात गं. एकदा लोकांनी दुसरीकडे पाहिलं की फोटो गेला. मला ही जागा हवीये. मी तिथे उभी राहून माझ्या तोंडाने 'माहीत नाही' म्हणणार नाही. आयुष्यात म्हटलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. ती रस्ता चुकली तरी ठामपणे चुकायची.

परीक्षेला मी सुट्टी काढून गेले. काका आले नाहीत. खिडकीची बिजागरी कुरकुरते म्हणाले, तेल घालायचंय.

दालन नवं कोरं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. आणि ती भिंत! मी फोटोत पाहिली होती, पण समोर उभी राहिले तेव्हा माझी मान मागे पडली. जमिनीपासून छतापर्यंत काळाभोर रंग, आणि त्यावर चकचकीत पितळी पट्ट्यांचा वृक्ष. सगळे शेंडे वर एका रेषेत, आणि त्या रेषेवर एकच शब्द, 'आज'. संचालक बाई मागे एका उंच स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पेन आणि चेहऱ्यावर काही नाही. मावशीच्या आधी रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचा आवाज इतका गोड की कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही. सगळे नुसते ऐकत राहिले. मावशी माझ्या कानात म्हणाली, "मेलो." मग तिची तुकडी आली. सुट्टीवर असलेल्या काही नर्सेस, आणि गणवेशातला एक बस ड्रायव्हर, त्याच्याबरोबर त्याच्या सासूबाई.

मावशीने पहिलं काय केलं असेल? उंच मागे! नर्सेस आपोआप सरकल्या. ड्रायव्हर सासूबाईंच्या मागे गेला आणि जरा सुखावलेला दिसला. आणि मग मावशी सुटली. बोटं वर, बोटं खाली, मगर, चिमणी, देवमासा, पाणघोडा. "शेजारी कोण उभं आहे ते विसरा! फोटोच्या आधीचं माणूस शोधा!" एक नर्स स्वतःच पुढे येऊन बोटं चालवू लागली आणि अळंबीपाशी किंचाळली. दुसरी म्हणाली, मला करू दे. भिंतीपुढे झुंबड उडाली. माझं काळीज असं उडत होतं की मी माझीच बॅग घट्ट धरून ठेवली. मिळणार, मिळणार, असं मी मनात म्हणत होते.

"हत्ती कुठाय?" सासूबाई म्हणाल्या.

माझं काळीज जागच्या जागी बसलं.

मावशीने हत्ती दाखवला. सासूबाईंनी स्वतः बोट ठेवलं आणि पितळी पट्टीवरून हळूहळू खाली आणलं, सांध्यापर्यंत. तिथे त्या थबकल्या. "इथून तीन निघालेत. मग या दोघांतलं हत्तीला जवळचं कोण? ही पाण्यातली, की हा गुबगुबीत?"

संचालक बाईंनी पेन उचललं.

मावशीने तोंड उघडलं. तिचं ते तोंड मी लहानपणापासून ओळखते, ते उघडलं की निकाल बाहेर पडतो. पण निकाल पडला नाही. ती भिंतीकडे वळली. माझ्या कागदावर तो सांधा म्हणजे पेनाचा एक ठिपका होता. इथे तिन्ही जाडजूड पट्ट्या एकाच पितळी खिळ्यावर येऊन मिळाल्या होत्या. ती अगदी जवळ गेली. खिळ्यावर अंगठा ठेवला. मग मान वर करून आजूबाजूचे सांधे पाहिले, दोन फांद्या, दोन फांद्या, सगळीकडे दोन, आणि पुन्हा या खिळ्याकडे. आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती.

"सांगा ना," सासूबाई म्हणाल्या. "मार्गदर्शक ना तुम्ही?"

मावशीचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतेय. मी दोन पावलं पुढे गेलेसुद्धा. ती वळली, आणि हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"ताई, मला माहीत नाही!"

सासूबाईंनी पुन्हा त्या तीन पट्ट्या मोजल्या.

"आणि यांनाही माहीत नाही!" मावशीने सरळ संचालक बाईंकडे बोट केलं. "हे फार पूर्वी, फार थोडक्या वेळात एकमेकांपासून वेगळे झाले, आणि आधी कोण निघालं ते अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही! अहो, कागदावर मला वाटायचं, काढणाऱ्याने आळस केला. पण हे बघा! एवढ्या मोठ्या भिंतीवर, सगळ्या जगासमोर, पितळेत ठोकून ठेवलंय की आम्हाला माहीत नाही! कुणी लाजलंसुद्धा नाही! इतकं चकचकीत 'माहीत नाही' तुम्ही कुठे पाहिलंय का?"

एकही डोकं दुसरीकडे वळलं नाही. उलट सगळी रांग मोडून लोक त्या खिळ्याभोवती जमले. सासूबाईंनी आपला अंगठाही त्यावर ठेवून पाहिला. "मग कळेल कधी?" त्यांनी विचारलं.

"तेही माहीत नाही!" मावशी आनंदाने ओरडली. "पुढच्या वर्षी येऊन विचारा!"

"जावईबापू, पुढच्या वर्षी आणा हो मला," सासूबाई म्हणाल्या. ड्रायव्हर कसानुसा हसला.

सगळे गेल्यावर संचालक बाई स्टुलावरून उतरल्या. "एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या प्रेक्षकांना उंचीप्रमाणे उभं केलंत."

"नाहीतर मागच्यांना दिसत नाही."

"हो, आज पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आठवड्याच्या शेवटी ते रेडिओवाले येतील. बाकीचे दिवस तुम्ही. सोमवारपासून या." मावशीने त्यांना मिठीच मारली. त्या जरा दबल्या, पण त्यांनी सोडवून घेतलं नाही.

घरी आलो तेव्हा काका खिडकीशीच होते, हातात तेलाची बुधली. बिजागरीतून तेल भिंतीवर ओघळून गेलं होतं इतकं त्यांनी घातलं होतं. त्यांनी मान वळवली नाही. "मिळालं?"

"मिळालं!"

काकांनी बुधली खाली ठेवली आणि खुर्ची धरून बसले. मावशी खोलीभर फिरत सगळं सांगत सुटली, भिंत, नर्सेस, सासूबाई, खिळा. "आणि अहो, मी सगळ्यांसमोर म्हटलं, मला माहीत नाही!"

"काय म्हटलंस?"

"मला माहीत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का गं?" मी म्हटलं, खरं, माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी आपले तेलकट हात बनियनला पुसले.

"मग मी एक विचारतो," ते म्हणाले. "लग्नाआधी तुला चांगले चार जण विचारत होते. बोलणारे होते, दिसायला बरे होते. मी दर वेळी विचारलं की तू तयार उत्तर देतेस, तुमची उंची बरी होती. मी हसतो. पण मला ते कधी खरं वाटलेलं नाही. तू माझ्याशी का लग्न केलंस?"

मावशी खोलीच्या मध्यावर थांबली. त्यांच्याकडे पाहिलं. टक्कल, कान, बनियनवरचा तेलाचा डाग, सगळं पाहिलं, जणू हा गृहस्थ आजच घरात आला होता. हळूहळू तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो," ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाही."

काका हसले. मोठ्याने, खळखळून. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि मावशीच्या चेहऱ्यावरून तिनेही फारसा ऐकलेला नसावा. "म्हणजे अजून शोध चालू आहे," ते म्हणाले.

"चालूच आहे," मावशी म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. मी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.